जमादाराला परभणीला नेलं तेव्हा

आमच्या घरात हुद्दा असलेला जीव एकच होता, आणि तो बोका होता. त्याचं नाव जमादार. नाव दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी ठेवलं होतं, आणि ते कौतुकानं ठेवलं होतं असं मुळीच नाही. दादांच्या लहानपणी, निजामाच्या राज्यात, गावात पोलिसांचा एक जमादार येत असे म्हणे. तो कुणाच्याही ओसरीवर न विचारता बसायचा, दूध-दही मागून घ्यायचा, मिशा पुसायचा आणि जाताना सगळ्यांवर उपकार केल्यासारखा बघायचा. आमच्या बोक्याच्या पांढऱ्या तोंडावर नाकाखाली दोन काळे पट्टे होते, अगदी पीळ दिलेल्या मिशांसारखे, आणि वागणूकही तीच. पहिल्या दिवशी तो माळवदावरून उतरला, कणग्यांच्या खोलीत एक चक्कर टाकून आला, मायनं विरजणासाठी काढून ठेवलेल्या दुधात तोंड घातलं आणि दादांच्या तक्क्याला टेकून बसला. दादा म्हणाले, "आला जमादार. आता ह्याला हाकलायचं कुनी?" कुणीच हाकललं नाही. दोन-चार महिन्यांत कणग्यांच्या खोलीतली उंदरांची खुडबुड बंद झाली, तेव्हा दादांनीही विषय सोडून दिला.

घर ताडकळसला, बाजारतळाच्या मागं. शेजारीच पिठाची चक्की होती. तिची पुकपुक दिवसभर इतकी चालायची की ती आम्हाला ऐकूच येत नसे. बंद पडली की मात्र लगेच कळायचं. भर दुपारी अचानक सगळीकडं शांत व्हायचं आणि चुलीपुढून माय म्हणायची, "गेली लाईट." मग चिमण्या ऐकू यायच्या, गोठ्यातल्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू यायची, आणि आत्याचं बोलणं ऐकू यायचं. सकाळी भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुसला, नाहीतर शिळी भाकरी कुस्करून दूध. दुपारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर करडीचं कच्चं तेल. माय येसराचा मसाला कुटायला बसली की त्या वासानं रस्त्यावरचा माणूस घटकाभर थांबायचा. जमादार दूध-भाकरी खायचाच, पण त्याचा खरा जीव धपाट्यांवर. मिरची-लसणाचे धपाटे खाणारं मांजर मी त्यानंतर आजतागायत पाहिलेलं नाही.

आत्याबद्दल आधी सांगायला हवं. गोदाआत्या ही दादांची थोरली बहीण. तिला पेडगावला दिली होती. नवरा लवकर गेला, लेकरू नव्हतं, आणि सासरच्यांनी तिला एका दिवाळीला माहेरी पाठवलं ते परत न्यायला कुणी आलं नाही. मी जन्मले त्याच्या आधीपासून ती आमच्याच घरी. तिला कुणी कधी वावगं बोललं नाही. दादा तिला आक्का म्हणायचे आणि माय वन्सं. पण आपण इथं न बोलावता आलोय हे तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. ताटात दुसरी भाकरी मागताना मी तिला ऐकलं नाही. चहा उरला तर तिचा, लुगडं मायचं विटलं की तिचं. ती वाकळा शिवायची. गावातल्या बाया जुनी लुगडी, धोतरं आणून टाकायच्या आणि ती अंगणातल्या लिंबाखाली पाय पसरून अख्खा हिवाळा टाके घालत बसायची. त्याचे जे काही पैसे यायचे ते तिच्या कमरेच्या पिशवीत. ती पिशवी उघडताना मात्र कुणी बघितलं नव्हतं.

माणसांशी इतकं मोजकं बोलणारी आत्या जमादाराशी मात्र दुपारभर बोलायची. तो वाकळेच्या मधोमध झोपायचा आणि ती त्याच्या भोवतीनं टाके घालत जायची. "सरक की जरा, तुझ्या बुडाखालचा टाका ऱ्हायलाय," असं ती म्हणायची आणि तो शेपटीचं टोक तेवढं हलवायचा. गावातल्या कित्येक वाकळांच्या मधोमध टाके जरा विरळ पडलेले असायचे, ते जमादारामुळं.

एका सकाळी तो दुधापाशी गेला आणि परत फिरला. धपाट्याचा तुकडा टाकला तर वास घेऊन बाजूला झाला. तोंडातून लाळ गळत होती आणि पुढच्या पंजानं तो गाल घासत होता. मायनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेजारच्या काकूंनी पाल खाल्ली असेल असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी लाळ वाढली, आवाज बसला, आणि दुपारी चक्कीवाला जोत्यावर येऊन दादांना म्हणाला, "पाटील, लाळ गळायलीय. पिसाळलंय ते. लेकरं हायत घरात."

तो शब्द निघाल्यावर अंगणाचा रंगच बदलला. मायनं माझ्या धाकट्या भावाला आत ओढलं. चक्कीवाल्याच्या मागं अजून दोघं-तिघं जमले, त्यातल्या एकाच्या हातात काठी होती. दादा गोठ्यातून पोतं घेऊन आले. "ह्याच्यात घालून माळावर सोडून येतो," ते म्हणाले. सोडून येतो म्हणजे काय ते मलाही कळत होतं. जमादार लिंबाच्या बुंध्याशी अंग आखडून बसला होता आणि त्या मिशा लाळेनं भिजून खाली आल्या होत्या.

आत्या उठली. हातातली वाकळ तिनं खाली ठेवली नाही, तशीच घेऊन गेली आणि जमादाराला तिच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. काठीवाला म्हणाला, "आत्या, चावंल." आत्या म्हणाली, "चावू दे." तिनं दोन बोटांनी त्याचा जबडा उघडला. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. जिभेखाली, आत घशाकडं जाणारा, लाल दोरा होता.

"सुई," आत्या म्हणाली. "परवा लाल दोऱ्याची सुई सापडंना मनून मी दुसरी घेतली. हेच्या पोटात गेलीय."

पिसाळलेलं मांजर मारणं सोपं होतं. सुई गिळलेलं मांजर काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काठीवाला काठी टेकून उभा राहिला, थोडा वेळ हळहळला आणि घरी गेला. दादांनी पोतं गोठ्यात नेऊन ठेवलं.

आमच्या गावात गुरांचा दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून ठरल्या वारी यायचे. एरवी शेषराव कंपोंडर. आत्या आणि मी जमादाराला घेऊन गेलो तेव्हा ते एका म्हशीला बाटलीनं औषध पाजत होते. त्यांनी हात धुतले, बॅटरी लावून तोंडात बघितलं, आणि जमादारानं त्यांच्या मनगटावर तीन लांब रेघा ओढल्या.

"दोरा दिसायलाय, सुई आत रुतलीय," ते फुंकर मारत म्हणाले. "दोरा ओढू नका आत्या. सुई आडवी व्हईल."

"मंग काढा की तुमी."

शेषरावांनी भिंतीवरचं एक लोखंडी हत्यार काढून दाखवलं. "हे बगा, तोंड उघडं ठिवायचं हत्यार माझ्यापाशी हाय. पर त्येनं बैलाचं तोंड उघडतंय. हे लावायला गेलो तर जमादार हेच्याखालीच दबून मरंल."

"एखादी गोळी बी न्हाई का?"

"गोळी हाय. त्याच्या डोक्यायेवढी हाय." त्यांनी खरोखरच बरणीतून एक गोळी काढून जमादाराच्या डोक्याशेजारी धरली. गोळी किंचित लहान होती. "परभणीला न्या. तितं मोठ्या दवाखान्यात फोटो काढायचं मशीन हाय. पर पैसे लागतेल, आन् मांजराला हात लावतेत का न्हाई ते मी सांगू शकत न्हाई. आमच्याकडं कुनी मांजर आनल्यालं मी पैल्यांदाच बगतोय."

येताना आत्या माणसांच्या डॉक्टरांकडंही शिरली. ते भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मी ह्याला हात लावला तर उद्यापासून माझ्याकडं माणसं यायची नाहीत. आणि आलीच तर आपापली मांजरं घेऊन येतील."

आज माझी नात पुण्यात तिचं मांजर दवाखान्यात नेते. तिथं फोन करून वेळ घ्यावी लागते, मांजराला तोलायला छोटा काटा असतो, आणि बाहेर बाकावर बसलेली माणसं एकमेकांच्या मांजरांची चौकशी करतात. तिथलं बिल नात मला दाखवत नाही. पण त्या दिवशी आमच्या आख्ख्या गावात एका बोक्याच्या घशात जाईल असा चिमटा नव्हता, आणि तो नसल्याचं कुणाच्या ध्यानातही आलेलं नव्हतं.

संध्याकाळी दादा जेवायला बसले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आक्का, मांजरापायी कुनी परभणीला जातंय का? लोकं हसतेल. मांजर काय, फुकट भेटतंय. एक गेलं की फुडं दुसरं आपसूक येऊन बसतंय घरात."

आत्या चुलीपाशी होती. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "व्हय. मी बी तशीच येऊन बसलेय."

माय भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. दादांनी घास तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला. "तसं न्हाई मन्लो मी," ते म्हणाले.

"मला मालूम हाय तू कसं मन्लास. सुई माझी, बोका माझा, पैसे माझे. मी तुला सांगायलेय, इचारायली न्हाई." ती एवढं एका दमात बोलली आणि मग तिला स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण ती चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं करत राहिली.

सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. गाडीची पाटी वाचता येते म्हणून मला शाळा बुडवायची परवानगी मिळाली. आत्याला अक्षर येत नव्हतं. मायनं फडक्यात धपाटे बांधून दिले. चार दिवसांच्या प्रवासाला पुरतील इतके ते होते. जमादार एका दुरडीत, त्याच्याभोवती आत्यानं शिवलेली बाळाची छोटी वाकळ, वर दुसरी दुरडी पालथी आणि दोन्हींना सुतळीचा सुताडा करकचून बांधलेला. दादा तेव्हा गोठ्यात होते. बैलाची पाठ ते इतक्या मन लावून खरारत होते की आमच्याकडं बघायला त्यांना सवडच झाली नाही.

गाडीत कंडक्टरनं विचारलं, "दुरडीत काय हाय?"

"जमादार," आत्या म्हणाली.

कंडक्टर नकळत ताठ झाला. "कोन?"

आतून घोगरी गुरगुर आली. कंडक्टर म्हणाला, "बाई, जनावर गाडीत चालत न्हाई." आमच्यामागं एक म्हातारा बसला होता, त्यानं पायाशी दोन कोंबड्या बांधून ठेवल्या होत्या. तो म्हणाला, "मंग ह्या माझ्या काय मास्तरनी हायत का?" झालं, सगळी गाडी बोलायला लागली. कुणी म्हणालं, मांजर आडवं गेलं तर अपशकुन, पण बरोबर चाललंय तर ते आडवं कसं जाईल. कुणी म्हणालं, तिकीट फाडा आणि विषय मिटवा. कंडक्टरनं बराच वेळ तिकिटांच्या पेटीकडं बघितलं. "मांजराचं तिकीट किती ते मला मालूम न्हाई," तो शेवटी म्हणाला. "मला मालूम न्हाई, तर मग मी मांजर बगितलंच न्हाई." आणि पुढं गेला.

परभणी जवळ आली तशी गाडी थांबली. पुढं ट्रक, जीप, बैलगाड्या, सगळ्यांची रांग. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा रस्ता रोको होता. ती वर्षंच तशी होती. सकाळी घरातून निघालेला माणूस संध्याकाळी कुठल्या गावात असेल ह्याचा नेम नसायचा, आणि कितीक गावांत तर त्याहून पुष्कळ वाईट घडलं होतं, ते मोठी माणसं आमच्यासमोर बोलत नसत. कंडक्टर म्हणाला, गाडी कधी सुटेल ते सांगता येत नाही. आत्यानं दुरडीला कान लावला. आतलं गुरगुरणं थांबलं होतं. ती उठली, दुरडी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. मी धपाटे घेऊन मागं.

रस्त्यावर माणसं बसली होती, बायाही होत्या, निळे झेंडे होते. कडेला पोलीस उभे होते. मला भीती वाटत होती. एका तरुण पोरानं हात आडवा केला आणि विचारलं, "आत्या, डोक्यावर काय हाय?"

"आजारी हाय. दवाखान्यात न्यायलेय."

त्याला वाटलं लेकरू आहे. दुरडी उतरवून त्यानं फट करून आत बघितलं, आणि क्षणभर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण तो हसला नाही, हे मला अजून आठवतं. तो म्हणाला, "सरका रे जरा, दवाखान्याचं हाय," आणि बसलेली माणसं गुडघे गोळा करून सरकली. त्यानं स्वतः दुरडी उचलून पलीकडच्या टोकापर्यंत आणून दिली.

आत्यानं त्याला विचारलं, "तुमी कशापायी बसलाव बाबा उन्हात?"

"नावासाठी, आत्या. विद्यापीठाच्या."

आत्यानं मान हलवली. तिला विद्यापीठ म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं. तिनं माझ्या हातातल्या फडक्यातले निम्मे धपाटे काढून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं एकदा धपाट्यांकडं, एकदा आत्याकडं बघितलं आणि तिथंच उभ्या उभ्या एक तुकडा मोडून तोंडात टाकला. आमच्या गल्लीतल्या कुणी ते बघितलं असतं तर त्याची चर्चा चार दिवस चालली असती. आत्या मात्र दुरडी डोक्यावर घेऊन चालायला लागलेली होती.

मोठा दवाखाना म्हणजे मोठंच काम, जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजचाच होता तो. आवारात बैल, म्हशी, लंगडणारी एक घोडी, मेंढ्यांचा एक कळप घेऊन आलेला धनगर. त्या सगळ्यांत आमची दुरडी. रांगेतला एक शेतकरी आत बघून म्हणाला, "बाई, दूध किती देतंय हे?" आत्या म्हणाली, "देत न्हाई, पितंय." बाकीचे हसले, आणि मग त्या शेतकऱ्यानंच आम्हाला पुढं जाऊ दिलं.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडच्या बोलीचे. त्यांनी दुरडी बघितली, मग आमच्या मागं कुणी बाप्या माणूस उभा आहे का ते बघितलं. "मालक कोण?"

"मीच मालक," आत्या म्हणाली. "गोदावरी. ताडकळसची." गावात ती कुणाची तरी आक्का, कुणाची वन्सं, कुणाची आत्या होती. तिचं पुरतं नाव तिच्याच तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरांनी जमादाराला टेबलावर ठेवायला सांगितलं. ते टेबल म्हशीला झोपवायचं होतं. त्याच्या मधोमध जमादार विसरून राहिलेल्या टोपीसारखा दिसत होता. डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि खरं तेच सांगितलं. "बाई, मांजर मी परीक्षेपुरतं वाचलंय. हातात पहिल्यांदाच येतंय. गुंगी द्यावी लागेल. थोडी कमी पडली तर तो मला ओरबाडणार, जास्त झाली तर तो उठणार नाही. मी प्रयत्न करतो, पण खात्री देत नाही."

"तुमी नगं मन्ला असता तर मी काय केलं असतं?" आत्या म्हणाली. "करा."

फोटोची फिल्म आणि गुंगीचं इंजेक्शन, दोन्ही बाहेरून विकत आणायचं होतं. इथं आत्याची पिशवी उघडली. किती गेले ते मला माहीत नाही, पण अख्ख्या हिवाळ्याच्या वाकळा त्या दिवशी गेल्या एवढं नक्की. औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठी बघून विचारलं, "पेशंटचं नाव?"

"जमादार," मी म्हणाले.

"पोलिसातले?"

"न्हाई, घरीच असतेत," आत्या म्हणाली.

"वजन किती हाय जमादारसायबाचं? इंजेक्शन कडक हाय, मनून इचारतो."

आत्यानं विचार करून सांगितलं, "तीन शेर भरंल. आधी जास्ती व्हतं, दोन दिवसापासून जेवला न्हाई."

दुकानदारानं पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडं बघत राहिला. मी आत्याच्या पदराआड तोंड लपवलं. मांजर आहे हे त्याला पटवायला मला परत दवाखान्यात पळत जाऊन डॉक्टरांकडून तसं लिहून आणावं लागलं.

फोटोत सुई लख्ख दिसली. घशाच्या वरच्या बाजूला तिरपी रुतलेली. डॉक्टर एक जाड पुस्तक उघडं ठेवून बोटानं ओळी वाचत होते, मग इंजेक्शन भरत होते, मग त्यातलं थोडं परत काढत होते. जमादार ढिला पडला, त्याची जीभ बाहेर आली. दवाखान्यातला सगळ्यात लहान चिमटाही त्याच्या तोंडात मावेना, तेव्हा एक शिपाई पोरांच्या वर्गातून बेडूक कापायचा चिमटा घेऊन आला. मला त्यांनी एकच काम दिलं. "पोट हलतंय का बघत राहा. थांबलं की सांग."

मी बघत राहिले. ते पोट हलायचं, आणि मग इतका वेळ हलायचं नाही की माझं तोंड उघडायचं, आणि मग परत हलायचं. पलीकडं आत्या भिंतीला टेकून खाली बसली होती. ती बघत नव्हती. तिचे ओठ हलत होते, आणि ती देवाचं नाव घेत असेल असं मला वाटलं. जवळ गेल्यावर ऐकलं तर ती जमादारालाच बोलत होती. "सरक की जरा. येवढंच ऱ्हायलंय. सरक."

"आली," डॉक्टर म्हणाले. चिमट्यात सुई होती आणि तिच्यामागं हातभर लाल दोरा. त्यांच्या कपाळावरून घाम टेबलावर पडत होता. त्यांनी सुई आत्यासमोर धरली. आत्यानं तोंड फिरवलं. "मला नगं ती," ती म्हणाली. मग डॉक्टरांनी ती विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून काचेच्या बाटलीत ठेवली.

जमादार शुद्धीवर यायला वेळ लागला. तोवर डॉक्टर दोन म्हशी आणि ती घोडी उरकून परत आले. त्यांनी आपली फी घेतली नाही. म्हणाले, ह्याची फी लावायची कुठं तेच मला माहीत नाही. मग दुरडीतली छोटी वाकळ हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. "ही कुठं मिळते? माझ्या घरी बाळ यायचंय." आत्या म्हणाली, "मिळत न्हाई. शिवावी लागती. फुडल्या बारीला आनते." पुढच्या वेळी परभणीला यायचं असं तिनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं, आणि ते तिच्या तोंडून निघेपर्यंत तिलाही ठाऊक नव्हतं, असं मला वाटतं.

दुपारनंतर रस्ता मोकळा झाला आणि दिवेलागणीला आम्ही ताडकळसला पोचलो. माय दारातच होती. हळूच मला म्हणाली, "तुजे दादा सकाळपासून जेवले न्हाईत. रस्ता बंद हाय कळल्यापासून स्टँडवर जाऊन यायलेत." दादा ओसरीवर बसले होते. त्यांनी दुरडीकडं बघितलं. आत्या म्हणाली, "वाचला." दादा उठले आणि चुलीकडं गेले. जन्मात चुलीपाशी न गेलेल्या त्या माणसानं स्वतः दूध तापत ठेवलं, ते उतू घातलं, उरलेलं करपवलं, आणि करपलेलं दूध वाटीत ओतून फुंकत फुंकत जमादारापुढं आणून ठेवलं. जमादारानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "त्याचा घसा दुखतोय," आत्या म्हणाली. "न्हाई," दादा म्हणाले, "त्याला दुधातलं कळतंय." घरात सगळ्यात आधी माय हसली.

त्यानंतर आत्या परभणीला जायला लागली. आधी डॉक्टरांच्या बाळाची वाकळ द्यायला, मग त्यांच्या शेजारणीची, मग त्या शेजारणीच्या बहिणीची. गाडीच्या पाट्या वाचायला मी नसले तरी तिचं अडेना. कंडक्टर ओळखीचा झाला होता. आणि गावाला तिच्या जाण्याचा दुसरा उपयोग सापडला. आजवर कुणाचं मांजर आजारी पडलं की ते कोपऱ्यात जाऊन बसायचं आणि दोन-चार दिवसांत दिसेनासं व्हायचं. कुणी विचारायचं नाही. आता बाया संध्याकाळच्या येऊन जोत्यावर बसायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या, आणि निघताना म्हणायच्या, "आत्या, परभणीला जायलाव तर आमचं बी तेवढं न्या की. कान सडलाय बगा त्याचा." आत्या आधी वजन विचारायची. दुकानदार विचारतो, म्हणायची.

दादांना हे मुळीच पसंत नव्हतं. मांजरांची धर्मशाळा करून ठेवलीय म्हणायचे. पण ती परभणीला गेली की संध्याकाळी ते सायकल घेऊन स्टँडवर जायचे. मी शाळेतून येताना त्यांना तिथं चहाच्या टपरीपाशी उभे असलेले बघायची. कुणी विचारलं, "कुनाची वाट बगायलाव?" तर ते सांगायचे, "खताचा ट्रक येनार हाय मन्तेत." खताचा ट्रक वर्षभर येत होता.

एकदा मी त्यांच्याजवळ उभी असताना गाडी आली. आत्या उतरली, काखेत वाकळांचं गाठोडं, हातात झाकलेली दुरडी. दादांनी गाठोडं घेतलं आणि सायकलच्या दांडीला अडकवलं. मग दुरडी घेतली. आतून कुणीतरी फिस्स केलं.

"हे कुनाचं?"

"चक्कीवाल्याचं. पायाला टाके घातलेत."

"पैसे दिले का त्यानं?"

"देईल."

"देईल मनं," दादा पुटपुटले. त्यांनी दुरडी कॅरियरवर ठेवली, दोरीनं बांधली, हलवून बघितली, परत सोडून जरा सैल बांधली. आत्या आणि मी पुढं निघालो. थोडं गेल्यावर मी मागं वळून बघितलं. मला वाटलं होतं ते सायकलवर टांग टाकून आमच्या पुढं निघून जातील, नेहमी जायचे तसे. पण रस्त्याला खड्डे होते, आणि टाके ताजे होते. दादा एका हातानं हँडल आणि एका हातानं दुरडी धरून, खड्डे चुकवत, घरापर्यंत चालत आले.